ताटीबाहेरची माउली



आज सेवेला विषय घेतला आहे मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांचा. आळंदीची वाट चालणाऱ्या प्रत्येक माउलीला हा प्रसंग ठाऊक आहे. पण आज तो संतांच्या घरचा म्हणून ऐकू नका. तुमच्या-आमच्या घरात परवा काय घडलं, ते आठवत ऐका.

निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताई अशी ही चार भावंडं. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. घरात बापाचा आधार नाही, आईचा पदर नाही, आणि बाहेर 'संन्याशाची पोरं' म्हणून हेटाळणी. एके दिवशी ज्ञानदेव भिक्षेला गेले आणि कुणीतरी टाकून बोललं. मनाला लागलं. ते घरी आले आणि आतून ताटी लावून बसले. ताटी म्हणजे काय हो? कुडाचं साधं दार. त्याला ना कडी, ना कुलूप. दोन माणसांनी जोर लावला तर बाहेरून सहज मोडेल.

मुक्ताईनं ती मोडली नाही. बाहेर उभी राहिली आणि बोलू लागली.

परंपरा सांगते, मुक्ताई ज्ञानदेवांहून चार वर्षांनी लहान. पण त्या घटकेला ती धाकटी बहीण राहिली नाही, त्या घराची आई झाली. तिनं काय केलं, ते नीट ध्यानात घ्या. आपण जे करतो त्याच्या ते उलट आहे.

पहिली गोष्ट, तिनं स्वतःचं दुःख पुढे आणलं नाही. लोक तिलाही बोलत होतेच की! पण 'मी नाही का सोसत?' हा हिशेब तिनं मांडला नाही. दुसरी गोष्ट, तिनं रागावलेल्या माणसाला त्याचं मोठेपण आठवून दिलं. तुम्ही योगी आहात, तुम्ही संत आहात, हा राग तुमचा नव्हे, असं समजावलं. आणि तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिनं रागाला राग म्हटलं. 'जाऊ दे, तुमचंच बरोबर' असं गोड बोलून वेळ मारून नेली नाही. दात आणि जीभ एकाच देहातले, चावलं तरी सूड कुणावर घ्यायचा, असा दृष्टांत देऊन समजावलं. प्रेम सोडलं नाही आणि शिस्तही सोडली नाही. तेव्हा ताटी उघडली, आणि ती आतून उघडली.

आता आपल्या घरी या. पोरगं तेरा-चौदा वर्षांचं. अभ्यास टाकून मोबाईल घेऊन बसलेलं. बाप दमून घरी आला, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मोबाईल हिसकावला. पोरगं उलट बोललं. बाप म्हणाला, 'तू आयुष्यात काही करणार नाहीस.' आई मधे पडली, आजी नातवाच्या बाजूनं. पोरगं आत गेलं आणि धाडकन दार लावलं. झाली ताटी बंद!

मोबाईल काढून घेतला यात बापाचं काही चुकलं नाही. नियम हवाच. पण 'तू काही करणार नाहीस' हा नियम नव्हे, तो शाप झाला. मुक्ताई म्हणते, 'हा राग तुमचा नव्हे.' आपण म्हणतो, 'तू असाच आहेस.' एवढाच फरक, पण पोरगं त्यात घडतं किंवा बिघडतं.

मग करायचं काय? आधी आपला श्वास खाली येऊ द्या. पाणी प्या, देवापुढं दोन मिनिटं बसा. पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर पोराची चूक काढू नका. जेवायला हाक मारा; ताट कधी अडवू नका. मन शांत झालं की जवळ बसा आणि चूक एकदाच सांगा, मागच्या वर्षीची उकरू नका. आणि रात्री नऊनंतर मोबाईल नाही असं ठरलं, तर ते आई, बाप, आजी तिघांचं एकच ठरू द्या. आणि मायबाप हो, नऊनंतर बापाच्या हातातही तो दिसू नये!

कुणी विचारतं, 'महाराज, दोन फटके दिल्याशिवाय पोरं ऐकतात का?' ऐकतात ना! पण ती तुमच्या हाताला ऐकतात, तुम्हाला ऐकत नाहीत. उद्या त्याचा हात तुमच्या हाताएवढा होतो, मग कशाला ऐकेल? आणि मारानं पोर खरं बोलायला शिकत नाही, लपवायला शिकतं. उद्या दहावीत नापास झालं, कुठं फसलं, जीव घाबरा झाला, तर ते पहिलं कुणाकडे येणार? घराचं दार उघडं वाटलं तर तुमच्याकडे येईल. नाही वाटलं तर कुठं जाईल, याची कल्पनाही नको वाटते. म्हणून म्हणतो, आजचं भांडण जिंकण्याच्या नादात उद्याचं दार बंद करू नका.

तुम्ही म्हणाल, आमचं पोर फार वाया गेलंय. अहो, भक्त पुंडलिक आधी कसा होता? कथा सांगते की म्हाताऱ्या आई-बापांना त्यानं काशीच्या वाटेवर पायी चालवलं आणि स्वतः घोड्यावर बसला. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात गंगा-यमुनांनी त्याला त्याचं वागणं दाखवून दिलं, आणि तोच पुंडलिक आई-बापांचे पाय चेपू लागला. देव दारात आला तर म्हणाला, 'थांब, सेवा चालू आहे,' आणि वीट टाकली. देव रागावला का? कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अजून उभा आहे.

तुम्ही पंढरीला त्याच उभ्या मूर्तीचं दर्शन घेता. मग घरी गेल्यावर लेकराच्या बंद दाराबाहेर घटकाभर उभं राहायला काय हरकत आहे? हात उगारलेला नको, कमरेवर असू द्या. दार आतून उघडेल.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!