रस्त्याचे दप्तर



ज्या तुमसरच्या रस्त्यांवरून वैनगंगेची रेती वाहणारे टिप्पर, गिरण्यांकडे निघालेले धानाचे ट्रॅक्टर आणि चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणींचे मँगनीज वाहणारी वाहने एकामागून एक जात असतात, त्या तुमसरात दीक्षान्त भाषणासाठी विषय शोधीत फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्या रस्त्याने आपण सर्व येथवर आलात, तो सरकारी खजिन्यातून, म्हणजे आपल्याच करातून झालेला आहे. पण तो किती वर्षे टिकेल, कोणत्या कारणाने खचेल आणि शेजारच्या तालुक्यातील तसाच रस्ता त्याच्याहून अधिक का टिकला, या प्रश्नांची खात्रीची उत्तरे आपल्यापैकी कोणापाशी असतील असे मला वाटत नाही. रस्ता जर सार्वजनिक मालमत्ता असेल, तर त्या रस्त्याविषयीचे ज्ञानही तितकीच सार्वजनिक मालमत्ता असली पाहिजे, आणि ते मिळविण्याची, टिपून ठेवण्याची व सर्वांस खुले करण्याची व्यवस्था समाजाने केली पाहिजे, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

अशा व्यवस्थेचा एक जुना दाखला याच जिल्ह्यात आहे. हा मुलूख मध्यप्रांतात असताना जमीनमहसुलाचा जो बंदोबस्त झाला, त्यात अंमलदारांनी व पटवाऱ्यांनी शेतोशेत फिरून मातीची प्रतवारी केली. काळी चिकण कन्हार, तिच्याहून हलकी मोरांड, रेताड सिहार, खर्डी, मुरमाड बर्डी असे भेद, शेतकऱ्यांच्याच तोंडची नावे घेऊन, सरकारी दप्तरात दाखल केले. हेतू सारा ठरविण्याचा होता हे खरे. पण त्या निमित्ताने पायाखालच्या भूमीची जी नोंद झाली, तितकी बारकाईची नोंद आपण त्याच भूमीवर उभारलेल्या रस्त्यांची अद्याप केलेली नाही, ही गोष्ट मला फार बोचते. कारण रस्ता वरून डांबराचा दिसला तरी त्याचे आयुष्य ठरते ते तळच्या मातीवर. कन्हार पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे येथील कोणताही शेतकरी सांगेल. प्रयोगशाळा तेच आकड्यांत सांगते. मातीचा नमुना साच्यात ठोकून भरावयाचा, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवावयाचा, मग ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या त्यात दाबून, प्रमाण म्हणून मानलेल्या उत्तम गिट्टीच्या मानाने तो किती जोर सोसतो ते पाहावयाचे, अशी ही परीक्षा आहे. अभियंते तिला सीबीआर म्हणतात. भिजलेल्या काळ्या चिकण मातीचा हा आकडा बहुधा दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही. ज्या थरावर सगळा भार अखेर येऊन पडणार, त्याचे बळ इतकेच असेल, तर वरच्या मुरमाचा व खडीचा थर किती जाड हवा हे पूर्वीच्या अंदाजपत्रकाची नक्कल करून ठरविता येणार नाही, हे उघड आहे.

रस्त्यांचा विचार करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, ही जाणीव आपल्या देशात ज्यांनी प्रथम पद्धतशीरपणे रुजविली, त्यांत एका मराठी गृहस्थाचे नाव अग्रभागी आहे. बॅ. मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. १९२८ मध्ये तिने अहवाल दिला, १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये अभियंत्यांच्या विचारविनिमयासाठी इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. अध्यक्ष कायदेपंडित होते, स्थापत्यशास्त्री नव्हते. तरी रस्त्याला जसा पैसा लागतो तसा अभ्यासही लागतो, हे त्या समितीने ओळखले, याचे मला विशेष मोल वाटते. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि राष्ट्रीय महामार्गापासून खेड्याच्या रस्त्यापर्यंतची जी वर्गवारी आज आपण वापरतो, ती त्यांनी आखली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली आणि १९५९ मध्ये नाशिकला, आज मेरी या नावाने ओळखली जाणारी, राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था निघाली. संस्था झाल्या, निधी झाला, मानके झाली; परंतु नागपूरच्या त्या बैठकीतून निघालेल्या योजनेने रस्त्यांची लांबी मोजण्याची जी सवय आपल्याला लावली, तिच्या जोडीने रस्त्यांचे आयुष्य मोजण्याची सवय मात्र जिल्हा-तालुक्यापर्यंत पोहोचली नाही. नवा रस्ता किती किलोमीटर झाला याची पाटी लागते. तो कोणत्या साली खचला याची पाटी कोठेच नसते.

जेथे अशी मोजणी कसोशीने झाली, तेथे काय हाती लागले ते पाहा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ केवळ परीक्षेसाठी म्हणून रस्त्याची सहा वलये बांधण्यात आली आणि १९५८ ते १९६० या काळात ती परीक्षा चालली; निरनिराळ्या जाडीचे डांबरी आणि काँक्रीटचे मिळून ८३६ तुकडे त्यांत होते; पाच वलयांवरून सैनिकांनी ठरावीक भाराचे ट्रक चालविले, सहावे वलय हवामानाचा परिणाम समजावा म्हणून रहदारीवाचून राखले, आणि रस्त्यावरून गेलेल्या भारित आसांची संख्या अकरा लाखांच्या वर गेली तेव्हा हे काम थांबले. रस्ता चांगला की वाईट हे ठरविण्यासाठी त्या शास्त्रज्ञांनी प्रथम माणसांचे एक मंडळ मोटारीत बसवून त्यांच्याकडून शून्य ते पाच असे गुण देवविले आणि नंतर यंत्रांचे आकडे त्या गुणांशी जुळवून पाहिले. उपभोगणाऱ्याच्या अनुभवाला शास्त्रात एवढे मानाचे स्थान दिलेले मला अन्यत्र फारसे आढळले नाही. त्या परीक्षेतून जो नियम निघाला तो असा, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट न होता सुमारे सोळा पट होते. आपल्याकडे २०१८ साली चार चाकांच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. ही वाढ दिसावयास थोडी, पण याच नियमाने हिशेब केला तर अशा पूर्ण भरलेल्या आसामुळे होणारी हानी दीड पटीहून अधिक भरते. मर्यादेपलीकडे रेती भरलेला टिप्पर तुमसरच्या रस्त्यावरून जातो तेव्हा काय होत असेल, याचा हिशेब आपण स्वतःच करून पाहावा.

परंतु हा नियम एका ठिकाणच्या मातीवर आणि तेथल्या हिमावर सिद्ध झालेला आहे, हेही विसरता कामा नये. ओटावाच्या रस्त्यांना बर्फ वितळण्याचा काळ सर्वाधिक घातक ठरला. आपल्या रस्त्यांना घातक ठरतो तो पावसाळा, आणि तोही धानाच्या प्रदेशातला पावसाळा, जो इतर प्रदेशांतल्याहून वेगळा आहे. येथे रोवणीपासून पुढे कित्येक आठवडे रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बांध्यांत पाणी मुद्दाम साठविलेले असते. ते रस्त्याच्या पोटात झिरपते. साइडपट्ट्या उंच वाढलेल्या असल्या तर वरचे पाणीही बाहेर पडत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत चिखलणीसाठी लोखंडी केजव्हील चढविलेले ट्रॅक्टर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना डांबराचा पृष्ठ उकरीत जातात. यासाठी शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, कारण रोवणीचे दिवस मोजके असतात आणि प्रत्येक वेळी चाके बदलण्याइतकी उसंत व माणसे त्याच्यापाशी नसतात. ही तीन कारणे एकत्र आली असता रस्त्याचे आयुष्य किती घटते, हे इलिनॉयात कधीच कळणार नाही. ते कळेल तर तुमसर, मोहाडी, तिरोडा येथेच. उपायही येथेच तपासता येतील. चिकण मातीत चुना मिसळला असता तिचा फुगण्याचा गुण कमी होतो, हे सर्वज्ञात आहे. धानाच्या तुसाच्या राखेत सिलिका विपुल असते आणि चुन्याशी संयोग पावून ती माती घट्ट करते, असे प्रयोगांत दिसले आहे. गिरण्यांच्या या गावी ही राख मागावी तितकी मिळेल; पण प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले ते कन्हारीच्या रस्त्यावर पाच पावसाळे टिकते काय, हे कोणी तरी तेथे उभे राहून पाहिल्यावाचून सांगता येणार नाही.

हे पाहावयाचे कोणी? कंत्राटदाराचे उत्तरदायित्व दोषदायित्वाच्या मुदतीबरोबर संपते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ती मुदत पाच वर्षांची आहे, आणि रस्त्याचा खरा स्वभाव पुष्कळदा त्यानंतर प्रकट होतो. अधिकारी बदलून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी पाहिलेले सर्व जाते. रस्त्याच्या अभ्यासातून कोणा एकास नफा होत नाही, म्हणून कोणतीही खासगी पेढी तो आपल्या खर्चाने करणार नाही. लाभ सर्वांचा असल्यामुळे खर्च सर्वांचा आणि निष्कर्ष सर्वांचे, हाच येथे न्याय आहे. म्हणूनच हे काम केवळ अभियंत्यांचे आहे असे मी मानीत नाही. आपल्यापैकी वाणिज्याचे स्नातक खड्ड्यांमुळे गिरणीमालकाला आणि शेतकऱ्याला पडणारा वाहतुकीचा जादा खर्च काढू शकतील. विज्ञानाचे स्नातक माती तपासतील. कला शाखेचे स्नातक वाहनचालकांची जबानी घेतील आणि जुन्या दप्तरांतून हे रस्ते केव्हा व कसे झाले ते हुडकून काढतील.

या महाविद्यालयास माझी विनंती आहे की तुमसरहून निघणाऱ्या कोणत्याही एका रस्त्याचा, धानाच्या बांध्यांतून जाणारा, एकच किलोमीटर निवडावा. भरलेल्या ट्रकच्या मागल्या जोडचाकांमध्ये लांब दांडी सरकवून, ट्रक पुढे जाताच रस्त्याचा पृष्ठ किती वर येतो ते मोजण्याचे बेंकेलमन नावाचे साधन साधे आहे आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तात्पुरते मागून घेता येण्याजोगे आहे. पहिली मोजणी मृगापूर्वी व्हावी, दुसरी रोवणी आटोपल्यावर आणि तिसरी धान कापून बांध्या कोरड्या पडल्यावर. त्याच दिवसांत नाक्यावर बसून जाणाऱ्या वाहनांची जातवार गणना व्हावी, पावसाचे आकडे तहसीलीतून घ्यावेत, आणि दुरुस्ती झाली तर तिची तारीख, साहित्य व खर्च बांधकाम खात्याकडून माहितीच्या अधिकाराने मागवून लिहावा. नोंदवही ग्रंथालयात, कोणाही नागरिकास मागताच पाहावयास मिळेल अशा जागी ठेवावी, आणि पुढच्या जूनमध्ये ती नव्या तुकडीच्या स्वाधीन करावी.