धार की तुंबा? जिवे मारण्याच्या प्रयत्नातील इराद्याचा पुरावा



२२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन आले होते. सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना त्याच वर्षी जानेवारीत फाशी झाली होती. तो राग मनात धरून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. काडतुसात दोष असेल, नाहीतर खिशातले पाकीट आड आले असेल. ज्या गोळीबाराने जीव जाऊच शकला नाही, तो जीव घेण्याचा प्रयत्न कसा, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला.

प्रश्न पोकळ नव्हता. १८६७ मध्ये याच न्यायालयाने, बार पेटवणारी टोपी चढवलेली आहे असे समजून बिनटोपीची बंदूक रोखणाऱ्याला भारतीय दंड संहितेचे कलम ३०७, म्हणजे जिवे मारण्याचा प्रयत्न, लागत नाही, असे ठरवले होते. १९३२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती बोमाँट यांनी मात्र गोगटे यांना दोषी धरले. इरादा मारण्याचा, कृत्यही तसेच, आणि फसले ते आरोपीला ठाऊक नसलेल्या कारणाने. मग गुन्हा झालाच.

चंद्रपूर-गडचिरोलीत बसून ही जुनी प्रकरणे सांगतो, कारण आपल्या जंगलात भरमार बंदूक अजून आहे. दारू ओली निघाली, बार उडाला नाही, म्हणजे रोखणाऱ्याची सुटका झाली असे नाही. १ जुलै २०२४ पासून कलम ३०७ हेच भारतीय न्याय संहितेत कलम १०९ झाले. दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत.

बंदुकीपेक्षा अवघड आहे ती कुऱ्हाड. मुंबईत कुणी कुऱ्हाड घेऊन दारात आला, तर ती आणलीच का, हा प्रश्न अर्धा इरादा सांगून जातो. इथे मोहफूल वेचायला, सरपणाला, धुऱ्यावर निघालेल्या माणसाच्या खांद्यावर ती रोजच असते. म्हणून ‘धारदार शस्त्राने सज्ज’ हे दोषारोपपत्रातले ठरलेले वाक्य मला इथे फार हलके वाटते. वार धारेने केला की तुंब्याने, म्हणजे कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने? मानेवर की पोटरीवर? एक की तीन? पहिल्या वारानंतर माणूस पडला, तेव्हा मारणारा थांबला, की लोकांनी धरले म्हणून थांबला? या शेवटच्या उत्तराइतका बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही, आणि जबाबात बहुतेक वेळा तोच लिहिलेला नसतो.

जखम किती मोठी, यावर सगळे ठरत नाही. बलराम बामा पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितले, की जीव जाईल इतकी जखम झालीच पाहिजे असे नाही. जखम इराद्याचा माग दाखवते, पण इतर परिस्थितीवरूनही इरादा काढता येतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. भामरागडच्या आतल्या गावातून जखमीला दवाखान्यापर्यंत आणताना रक्त वाहत राहते आणि साधी जखम जिवावर बेतते. तो उशीर रस्त्याचा आहे. त्याचे माप आरोपीच्या मनाला लावता येत नाही. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जखम प्रमाणपत्रात नुसते ‘गंभीर’ लिहून थांबू नये. जागा, खोली, दिशा आणि जखमी किती वाजता पोचला, हे सारे लिहावे. अशा नोंदीवर आरोपीचाही तितकाच हक्क आहे.

आणि जमाव? ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना चौकात बांधून मारले गेले. अशा मारहाणीत प्रत्येकजण म्हणतो, मी एकच काठी मारली. बेकायदेशीर जमावाचे समान उद्दिष्ट सिद्ध झाले तर ही सबब टिकत नाही; पण नुसता बघत उभा असलेला माणूसही त्यात ओढला जाऊ नये. तेव्हा दोर कुणी आणला, ‘सोडू नका’ कोण म्हणाले, सोडवायला धावलेल्याला कुणी मागे ढकलले, हे प्रत्येक साक्षीदाराला वेगवेगळे बसवून, त्याच्या बोलीत, नावानिशी विचारावे लागते. आणि तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत. पंधरवडा उलटला की सगळे गाव एकच जबाब सांगू लागते.