पहिला रक्तस्राव रंगाच्या पाण्याचा



तुम्ही आता सिस्टर आणि ब्रदर झालात. मी शल्यचिकित्सक. आपली गाठ पडते ती ऑपरेशनच्या टेबलाशी, एका बाजूला मी आणि समोर तुम्ही. तिथे सगळं बिघडायला लागलं की माणसं कशी वागतात आणि बरं वागायचं आधी शिकता येतं का, एवढ्याच विषयावर मला बोलायचं आहे.

या सभागृहात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, उमरेड क्षेत्रातल्या कोळसा खाणींत राबणारे बरेच पालक बसले असतील. त्यांना मी सांगतो ते ठाऊक आहे, मुलांना कदाचित नसेल. खाणीत आग लागली, विषारी वायू भरला, तर आत शिरून माणसं बाहेर काढणारं बचाव पथक असतं. त्या पथकातला माणूस धूर पहिल्यांदा अपघाताच्या दिवशी पाहत नाही. बचाव केंद्रात सरावासाठी मुद्दाम बांधलेला बोगदा असतो. त्यात धूर कोंडतात, उष्णता आणि दमटपणा वाढवतात. पाठीवर श्वसनयंत्र बांधून, समोरचं काही दिसत नसताना, त्याच्याकडून अंगमेहनतीची कामं करून घेतात. एकदा प्रमाणपत्र मिळालं म्हणून त्याची सुटका होत नाही. १९८५ च्या खाण बचाव नियमांमुळे हा सराव ठरावीक काळाने पुन्हा करावा लागतो. असं केंद्र वेकोलिने नागपुरात चालवलं आहे.

आता प्रसूतिकक्षाकडे या. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जातं. बाळंतपणानंतर ते आकुंचन पावलं नाही, तर दहा मिनिटांत काय उरेल याचा हिशेब तुम्ही करू शकता. नागपूर इथून, उमरेडहून, पन्नासेक किलोमीटरवर. १०८ ची रुग्णवाहिका कितीही वेगाने निघाली तरी पहिली दहा मिनिटं इथल्याच माणसांच्या हातात असतात. त्या दहा मिनिटांची रंगीत तालीम इथल्या सगळ्यांनी एकत्र केलेली असते का? खाण कामगाराच्या जिवासाठी जो सराव कायद्याने मागितला, तो त्याच्या लेकीच्या बाळंतपणासाठी आपण ऐच्छिक ठेवला आहे. मला हे मान्य नाही.

शस्त्रक्रियेतला ताण हा काही आजच्या धावपळीने आणलेला रोग नव्हे. शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण सांगताना सुश्रुताने धैर्य, चपळाई आणि शस्त्राची धार यांच्या बरोबरीने म्हटलं आहे की त्याला घाम फुटू नये, त्याचा हात कापू नये, बुद्धी गोंधळू नये. घाम आणि कंप यांची आठवण ठेवणारा हा माणूस रक्तापाशी स्वतः उभा राहिलेला होता, याबद्दल मला तरी शंका नाही.

संकट आलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, बोटांत बारीक कंप येतो. नजर आखडते: रक्त जिथून येतंय तेवढंच दिसतं, मॉनिटरवर उतरत चाललेला रक्तदाब दिसत नाही. वेळेचं भान सुटतं. सगळ्यांत घातक म्हणजे माणूस एकाच उपायाला चिकटून बसतो, तोच प्रयत्न पुन्हा, तोच पुन्हा. हे नवख्यांचंच होतं असं समजू नका. मुरलेल्या, नावाजलेल्या हातांचंही होतं.

यावर नुसता धीराचा उपदेश उपयोगी पडत नाही. सुश्रुतानेही तो केला नाही. त्याने सराव लावून दिला. कोहळा, दुधी, टरबूज, काकडी यांच्यावर छेद घ्यायला शिकायचं. पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदन. कमळाचे देठ आणि मेलेल्या जनावरांच्या शिरा यांच्यावर शिरावेध. जाड कापडावर टाके. कापडी पुतळ्यावर पट्ट्या बांधणं. ग्रंथ कितीही वाचलेले असोत, हा सराव न केलेला माणूस प्रत्यक्ष कामाला अपात्र, असं त्याने स्पष्ट बजावलं आहे. पुण्याजवळ १७९३ च्या सुमारास एका कारागीर वैद्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून नवं घडवलं. तेव्हा त्यानेही आधी मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून पाहिला, मग तो कपाळावर सपाट करून आखणी केली आणि नंतरच शस्त्र लावलं. लंडनच्या एका मासिकात १७९४ साली हा वृत्तान्त छापून आला आणि युरोपातले शल्यचिकित्सक त्यावरून शिकले.

मग मधल्या काळात आपण काय केलं? पाहा, करा, शिकवा असा शिरस्ता पडला, आणि करून पाहण्याची जागा म्हणजे जिवंत रुग्ण, बहुधा गरीब रुग्ण. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हा शिरस्ता हलवला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा भारतात ते पहिल्यांदाच घडत होतं. या तंत्रात डोळे पडद्यावर असतात, आणि हात डावीकडे नेला की पोटातलं अवजाराचं टोक उजवीकडे जातं. वीस वर्षं पोट उघडून काम केलेल्या सर्जनलाही पुन्हा पहिलीत बसावं लागलं. म्हणून पेटीत कॅमेरा लावून दाणे उचलण्याचे, गाठी मारण्याचे सराव आले, पाठोपाठ संगणकावरचे आभासी सराव आले. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सोळा शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांना आधी असा आभासी सराव दिला. प्रत्यक्ष पित्ताशय सोडवताना त्यांचा वेळ २९ टक्क्यांनी कमी लागला; सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा नको तिथे भाजण्याची शक्यता पाचपट होती.

याचं कारण साधं आहे. गाठ मारणं बोटांच्या अंगवळणी पडलं की डोकं मोकळं राहतं, आणि संकटात नेमकं तेच हवं असतं. शिवाय छातीची धडधड शरीराच्या ओळखीची झाली की तिची भीती कमी होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सोनल अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की सरावापूर्वी अर्धा तास शांत बसून शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा मनात पाहिला, तर नवख्या सर्जनांचं काम सुधारतं आणि नाडीत व कॉर्टिसोलमध्ये दिसणारा ताणही उतरतो. त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

पण हात तयार झाले म्हणजे काम झालं, असं मानून मी इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली ही ३७ वर्षांची स्त्री सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेला दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद झाला. खोलीत अनुभवी डॉक्टर होते. नळी घशातून उतरेना, आणि ते नळीचाच प्रयत्न करत राहिले. एका सिस्टरने गळ्याला छेद देऊन श्वास चालू करण्याचं सामान मागवलं आणि ते आल्याचं सांगितलं. कोणी दखल घेतली नाही. दुसरीने आयसीयूत खाट मागितली. डॉक्टरांच्या चेहऱ्यांकडे पाहून, आपण अति करतोय की काय, असं वाटून तिने ती रद्द केली. एलेन वाचली नाही. तिचे पती मार्टिन वैमानिक होते. वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने वरिष्ठाला वेळेवर थांबवणं शिकवतात, तेही बनावट कॉकपिटमध्ये, बनावट आगीत. त्यांनी पुढचं आयुष्य हीच शिकवण रुग्णालयांत रुजवण्यासाठी दिलं.

त्या दोघी सिस्टरना काय करायला हवं ते कळत होतं. म्हणून सर्जनच्या प्रशिक्षणावरचं हे भाषण मी सर्जनांपुढे न करता तुमच्यापुढे करतो आहे. डॉक्टरची नजर आखडलेली असते तेव्हा मॉनिटर तुम्हाला दिसतो. अशा वेळी "सर, मला काळजी वाटते", तरीही ऐकलं नाही तर "सर, हे सुरक्षित नाही", आणि शेवटी "सर, थांबा". ही तीन वाक्यं आपल्याकडे तोंडून निघत नाहीत. मोठ्यांपुढे बोलू नये हे आपण घरापासून शिकतो. ती निघावीत म्हणून आधी मोठ्याने म्हणून पाहावी लागतात. आणि सरांनी ती ऐकून हात थांबवण्याचा सरावही तितकाच करावा लागतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या एका रुग्णालयात बाळाचा खांदा अडकण्याच्या प्रसंगाचा सराव डॉक्टर आणि सुईणी यांनी एकत्र, दरवर्षी, पुतळ्यावर सुरू केला. अशा बाळंतपणांत इजा होणाऱ्या बाळांचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. सराव सगळ्यांनी मिळून केला, हे मी मुद्दाम सांगतो.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा २०२० च्या नियमांनी सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. मात्र महागडा पुतळा कपाटात ठेवून तपासणीच्या दिवशी बाहेर काढण्याला मी सराव म्हणत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात तर पुतळ्याची वाट पाहायचीही गरज नाही. तुमच्यातली एक जण पलंगावर पडेल. चादरीखाली लाल रंग घातलेल्या पाण्याची पिशवी आणि नळी. कोणीतरी घड्याळ लावेल. हाक मारायची, आणि कोण किती वेळात पोचतं, काय हाती घेतं ते बघायचं. औषध कागदावर देऊ नका. ऑक्सिटोसिन कुठे आहे तिथपर्यंत धावत जा. ते फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. फ्रिजला कुलूप आहे का, किल्ली रात्रपाळीला कोणाकडे असते, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना जागेवर आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, रक्तपेढीचा फोन नंबर भिंतीवर आहे की कोणाच्या मोबाइलमध्ये, हे सगळं सरावाच्या वीस मिनिटांत उघडं पडतं. चादरीवर मोजून अर्धा लिटर रंगाचं पाणी ओता आणि प्रत्येकाला अंदाज विचारा. जास्त रक्त सांडलं की माणसं ते बहुधा कमीच धरतात. ही खोड चादर धुता येते तोवर मोडलेली बरी.

सराव संपला की तिथेच दहा मिनिटं बसा. सफाई कामगार मावशींनाही बसवा, कारण रक्ताचा नमुना घेऊन बऱ्याचदा त्याच धावतात. कोणाचं चुकलं हे विचारायचं नाही. काय घडलं, का घडलं, उद्या काय बदलायचं, एवढंच. या बैठकीत एखाद्याला एकदा जरी अपमान सोसावा लागला, तर पुढच्या सरावाला माणसं येणार नाहीत.

डॉक्टरांना वेळ नसतो, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जाईल. तुम्ही त्यांच्याशिवाय सुरू करा. दर महिन्याला एक सराव, दिवसपाळीचा एकदा तर पुढचा रात्रपाळीचा. काय सापडलं ते वहीत लिहा आणि वही वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर ठेवा. रात्री दोन वाजता किल्ली शोधायला सात मिनिटं लागली, असं त्यात लिहिलेलं असेल, तर सर पुढच्या वेळी येतील. आले की त्यांना निरीक्षकाच्या खुर्चीवर बसवू नका. हातमोजे द्या, घाई करा, आणि ते एकाच उपायाला चिकटले की तिसरं वाक्य म्हणा.