मादाम मेनका : नृत्यनाट्याची एक विस्मृत रचनाकार



मुंबईहून कलबुर्गीकडे येणारी आगगाडी बोरघाट चढून खंडाळ्यास पोहोचते. बिदर-कलबुर्गी भागातील मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी तो घाट गाडीच्या खिडकीतून पाहिला आहे. त्याच खंडाळ्यात एका स्त्रीने नृत्याचे गुरुकुल चालविले होते, याचे स्मरण मात्र फार थोड्यांना असेल. तिचे नाव लीला सोखी. रंगमंचावरील नाव मेनका.

पूर्वाश्रमीच्या लीला रॉय यांचा जन्म १८९९ साली बारिसाल येथे, बंगाली घराण्यात झाला. त्यांचे पती साहिबसिंग सोखी हे पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले. कुलीन स्त्रीने रंगमंचावर नाचणे त्या काळी कलंकच मानले जाई. रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी ही वाट धरली आणि पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज व लच्छू महाराज यांच्याकडे कथ्थकची तालीम घेतली.

मात्र मेनका यांचे खरे कार्य रचनेचे आहे. कथ्थक हे मुख्यतः एकट्या कलावंताचे नृत्य. त्यास त्यांनी समूह, कथानक आणि नेपथ्य यांची जोड दिली. ‘कृष्णलीला’ आणि ‘देवविजय नृत्य’ ही नृत्यनाट्ये त्यातून उभी राहिली. १९३६ ते १९३८ या काळात त्यांच्या संचाने युरोपभर प्रयोग केले. १९३६ च्या बर्लिन येथील नृत्य-ऑलिंपियाडमध्ये संचाचा गौरव झाला.

मायदेशी परतल्यानंतर खंडाळ्याच्या ‘नृत्यालयम्’मध्ये कथ्थक, कथकळी आणि मणिपुरी या तिन्ही शैली एका छपराखाली शिकविल्या गेल्या. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रम्’वरील नृत्यनाट्य ही मेनका यांची मोठी रचना. त्या नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, याचा निर्णय शिष्येचे नृत्य पाहून होतो. योगायोग असा, की मेनका यांच्या कार्याची परीक्षाही पुढे शिष्यांवरूनच व्हावयाची होती.

मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याची पहाट उजाडण्यापूर्वीच, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कवीची संहिता कपाटात राहते; नृत्यरचनाकाराची संहिता नर्तकांच्या देहात असते. संच पांगला की तीही पांगते. १९३८ सालच्या एका जर्मन चित्रपटात या संचाचे नृत्य दिसते, परंतु तेवढ्यावरून संपूर्ण नृत्यनाट्याची कल्पना येत नाही. उदय शंकर यांचे नाव घरोघरी पोहोचले. मेनका यांचे नाव जाणकारांपुरतेच उरले.

तरीही ही परंपरा खंडित झाली नाही. बालवयातच या संचात दाखल झालेल्या मराठी कन्या दमयंती जोशी (१९२८–२००४) पुढे कथ्थकच्या अग्रगण्य कलावंत झाल्या. १९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरूचे चरित्रही लिहिले आणि ते संगीत नाटक अकादमीने प्रसिद्ध केले. रंगमंचावरून जे पुसले गेले, त्यातील काही अंश एका शिष्येच्या लेखणीने ग्रंथात आणून ठेवला.

शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाला या ऋणाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नृत्य, नाट्य, कीर्तन, लोककला यांत आयुष्य वेचलेल्या स्त्रिया या सीमाभागातही होऊन गेल्या असतील. त्यांच्या शिष्या आणि लेकीसुना हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहवून घेणे, हे दुसऱ्या शतकाचे पहिले काम ठरावे.