ड्यूटी लिस्टवरची सही

आम्ही दोघी मूळच्या सिस्टर. मानसिक आजारांच्या एका खासगी रुग्णालयात बारा-बारा वर्षं वॉर्डात काढली. आता तिथलाच मनुष्यबळ विभाग, म्हणजे सगळे ज्याला एचआर म्हणतात तो, सांभाळतो. "पेशंट सोडून फायलींत कशाला गेलात?" असं नातेवाईकही विचारतात. त्याचं उत्तर आज द्यायचं आहे.

एक रात्र सांगतो. बायकांचा वॉर्ड, तीस पेशंट. ड्यूटीवर आमच्यापैकी एक आणि एक मावशी. एका तरुण मुलीला आवाज ऐकू येत होते. घाबरून ती सारखी दाराकडे धावत होती. कुणी अर्धा तास तिच्याजवळ बसलं असतं, तर ती शांत झाली असती. हे आम्हाला कळत होतं, पण बसणार कोण? बाकी एकोणतीस जणी होत्याच. डॉक्टरांना फोन झाला आणि तिचे हात खाटेला बांधले. सकाळी मनगटांवर वळ होते. तिने एवढंच विचारलं, "सिस्टर, मी काय केलं होतं?"

पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 आला, 2018 मध्ये लागू झाला. त्याचं प्रशिक्षण आम्हाला मिळालं. रुग्णाला साखळीने बांधायचं नाही, एकटं कोंडून ठेवायचं नाही. जिवाला तातडीचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच हालचालीवर बंधन घालायचं, तेही मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने. शिक्षा म्हणून तर कधीच नाही. आणि एक वाक्य आम्हाला फार लागलं. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. त्या मुलीला बांधायचं, हे त्या रात्री खाटेजवळ ठरलं असं आम्ही समजत होतो. ते महिनाभर आधी, ड्यूटी लिस्ट लागली तेव्हाच ठरून गेलं होतं.

म्हणून व्यवस्थापनाने "सिस्टर टिकत नाहीत, तुम्हीच काहीतरी बघा" असं म्हटलं, तेव्हा आम्ही हो म्हणालो. सोपं नव्हतं. पीएफ, ग्रॅच्युइटी, 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती, सगळं नव्याने शिकलो. एक्सेल तर मुलांनी शिकवलं. दूरशिक्षणाने व्यवस्थापनाची पदविका घेतली.

पहिलं काम एकच केलं. नोकरी सोडून गेलेल्यांना फोन करून कारण विचारलं. आम्हाला वाटलं, सगळ्या पगार म्हणतील. पगार होताच. पण एकीने सांगितलं, "पेशंटने मारलं, आणि वर मलाच विचारलं, तू काय केलंस?" दुसरीला नाईट संपल्यावर घरी जायला गाडी नव्हती. तिसरीला भावाच्या लग्नाची सुट्टी आदल्या दिवशी नाकारली होती.

मग ड्यूटी लिस्ट पंधरा दिवस आधी लावायला लागलो. नाईटला माणूस वाढवून मागितला. खर्चाचं कारण पुढे आलं, तेव्हा कायद्यातलं ते वाक्य वाचून दाखवलं. मारहाण झाली की त्या सिस्टरला आधी चहा, मग पंधरा मिनिटं बोलणं, आणि रिपोर्ट त्यानंतर. प्रशिक्षणात मावशी आणि वॉर्डबॉय यांनाही बसवलं, कारण पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ तेच असतात.

मैत्रिणींनो, एक कडू गोष्टही सांगायला हवी. आमच्याच बरोबरीच्या एका सिस्टरने पेशंटच्या तोंडात मारली. चौकशी आमच्याकडे आली. आमच्या डब्यात जेवलेली बाई समोर रडत बसली होती. आम्ही हजेरीपट काढला. कुणी आलं नाही म्हणून तिने त्या आठवड्यात तीनदा सलग दोन ड्यूट्या केल्या होत्या. चूक तिची होती, आणि कारवाई झाली. पेशंटच्या घरच्यांना आम्ही काही लपवलं नाही. पण ड्यूटी लिस्टवर सही आमची होती. तेही अहवालात लिहिलं. तेव्हापासून सलग डबल ड्यूटी बंद आहे. ती सिस्टर मात्र अजून आमच्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. या खुर्चीत ते सोसावं लागतं.

तुमच्यापैकी कुणाला या वाटेने यायचं असेल, तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, ती सोडू नका. आधी वॉर्डातलीच ड्यूटी लिस्ट करायला मागा, नव्या मुलींना शिकवायचं काम मागा. हिशेब, कायदा शिकता येतो. रात्री तीन वाजता वॉर्डात कसं वाटतं, ते तुम्हाला आधीच माहीत आहे. मुलाखतीला आलेल्या मुलीला आम्ही आजही विचारतो, "पेशंट तुझ्यावर ओरडला तर घरी गेल्यावर कुणाशी बोलतेस?" "कुणाशीच नाही" म्हणाली, तर तिला नाकारत नाही. आधी आम्ही तिच्याशी बोलायला लागतो.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनावर ओझं असेल, मग ती सिस्टर असो की घरातली बाई, तर टेलिमानसचा 14416 हा नंबर लिहून ठेवा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येतं.