उदयपुरी स्वागत

संमेलनाध्यक्ष, महाराष्ट्रातून आलेले मृदाशास्त्रज्ञ आणि शेतकरी बंधू-भगिनींनो,

उदयपूरची स्वागत समिती आपले मनःपूर्वक स्वागत करते. मराठी पाहुणे या शहराला नवे नाहीत. १७३६ साली थोरले बाजीराव आले, महाराणा जगतसिंहांनी त्यांचा मानपान केला आणि वर खंडणीही कबूल केली. आजचे पाहुणे उलट स्वतःची नोंदणी फी भरून आले आहेत, याबद्दल खजिनदार विशेष ऋणी आहेत.

तळी आणि महाल दाखवायला वाटाडे आहेतच. कविराज श्यामलदास मात्र कुणी दाखवत नाही. महाराणा सज्जनसिंहांच्या आश्रयाने त्यांनी ‘वीरविनोद’ हा मेवाडचा अवाढव्य इतिहास सिद्ध केला. शिलालेख, ताम्रपट, फर्माने धुंडाळून. ग्रंथ छापलाही गेला. पुढचे महाराणा फतेहसिंह यांनी तो बाहेर पडू दिला नाही आणि छापील प्रती कित्येक दशके कुलपात राहिल्या. एवढ्या मोठ्या माणसाची आठवण शहराने याहून बरी ठेवायला हवी होती.

विषयांतर झाले खरे. पण कुलपातला इतिहास आणखी एक आहे: झामरकोटड्याचा खडक, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर.

सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. नील-हरित जीवाणूंचे थर एकावर एक चढत गेले आणि त्यांचे खांबांसारखे जीवाश्म, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, तयार झाले. फॉस्फेट दाटले आहे ते मुख्यतः या खांबांत. मधल्या जागेत डोलोमाइट. १९६८ साली हा साठा उजेडात आला आणि मोठी उघडी खाण सुरू झाली. या दगडाची नुसती भुकटी आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत फारशी विरघळत नाही. सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया झाली की तिचे सुपर फॉस्फेट होते. संमेलनाशी संबंध आला तो इथे.

आता क्षमायाचना. काल रात्री गाद्या कमी पडल्या, सकाळी गरम पाणी पुरले नाही, आणि दाल-बाटीतले तूप काहींना झेपले नाही. मंडप देणारे संगमरवर व्यापारी, धर्मशाळेचे विश्वस्त, दुधाचा खर्च उचलणारे आणि नाव सांगू नका म्हणून बजावणारे दाते, तसेच पहाटेपासून राबणारे स्वयंसेवक या सर्वांचे आभार.

उद्या सकाळी सात वाजता बस झामरकोटड्याला निघेल. तिथले स्ट्रोमॅटोलाइट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहेत. कृपया हातोडे खोलीवरच ठेवावेत.