शेताचं खत शेतातच राहो



अबुधाबी असो की शारजा, आपल्या घरच्या नळाला येणारं पाणी बहुतेक समुद्राचंच, खारेपणा काढून गोड केलेलं. २००८-०९ साली या आखातात तांबड्या शेवाळाची लाट आली. ती कित्येक महिने टिकली. मासे मेले, पाणी गोड करणारे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. शेवाळ वाढतं ते नत्र आणि स्फुरद यांवर, म्हणजे पिकाला लागणाऱ्या त्याच खतांवर.

आपल्या गावाकडेही हेच घडतं. उजनीचं पाणी हिरवं होतं, त्यात पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. पण भीमेच्या खोऱ्यातल्या शेतांमधलं खतही त्यात उतरतं. शेतकऱ्याने उधारीवर आणलेल्या पोत्यातला काही भाग पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला जातो. पैसा त्याचा जातो, पाणी खालच्या गावाचं नासतं.

यावर उपाय आहेत, आणि ते साधे आहेत. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून वाहतं. माती अडली की तेही अडतं. त्यासाठी उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, बांधावर गवताचा पट्टा, आणि उसाचं पाचट न जाळता सरीत आच्छादन. नत्र मात्र पाण्यात विरघळून निसटतं, त्याला नुसता बांध पुरत नाही. तिथे माती परीक्षण करून मोजकंच खत, तेही हप्त्याहप्त्याने द्यावं लागतं.

महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. तलावातला गाळ पुन्हा शेतात नेऊन टाकायचा. काम चांगलंच आहे. पण वाहून गेलेली माती ट्रॅक्टरने परत आणण्यापेक्षा ती जागच्या जागी थांबवणं केव्हाही बरं, नाही का?

कुणी विचारेल, आपल्या शेताचा बांध शेतकरी स्वतः का घालत नाही? बांधबंदिस्ती पावसाआधी उरकावी लागते, आणि नेमकं तेव्हाच बियाण्या-खतासाठी त्याची ओढाताण चालू असते. शिवाय निम्मा फायदा ओढ्याखालच्या गावाला होतो.

म्हणून यंदाचा निधी बांधबंदिस्ती आणि माती परीक्षणासाठी द्यायचं आम्ही ठरवलं आहे. इथल्या कायद्याप्रमाणे तो परवानाधारक संस्थेमार्फतच जाईल. बांधावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागणार नाही, फीतही कापता येणार नाही. तरीही आपण सढळ हाताने द्याल, हा आमचा विश्वास आहे.